महाद्वारीची परीक्षा : निवडक महाविद्यालयातील प्रवेशाची शक्यता कशी पारखावी?

नालंदा महाविहाराच्या महाद्वारी पंडित बसत असत. सातव्या शतकात तेथे अध्ययन केलेल्या ह्यू-एन-त्संग या चिनी भिक्षूने नमूद करून ठेवले आहे की, बाहेरून चर्चेसाठी आलेल्यांना द्वारावरच कठीण प्रश्न विचारले जात आणि दहांपैकी सात-आठ जणांना तेथूनच परतावे लागे. जुन्या व नव्या अशा दोन्ही प्रकारच्या ग्रंथांचे सखोल अध्ययन असल्याखेरीज आत प्रवेश मिळत नसे. विक्रमशीला महाविहारात तर सहा द्वारपंडित होते, असे तिबेटी परंपरा सांगते. नारोपा व रत्नाकरशांती यांची नावे त्यांत येतात. निवडक विद्यापीठाची कल्पना या भूमीला नवी नाही, हे यावरून ध्यानात येईल. त्या द्वाराची अपेक्षा काय होती, हे वरील वर्णनावरून स्पष्ट होते.

आजच्या महाद्वारांविषयी आपल्या समाजात अशी स्पष्टता आहे काय? दरवर्षी मे-जून महिन्यांत अनेक पालक आमच्याकडे येतात. मुलाला वा मुलीला अमुक गुण मिळाले, आता आयआयटी मिळेल काय, हा त्यांचा प्रश्न असतो. कोणी शिकवणीवर्गाच्या जाहिरातीवरून स्वप्न रचलेले असते, तर कोणी शेजाऱ्याच्या एका वाक्यावरून आशा सोडलेली असते. दोन्हींचे मूळ एकच, ते म्हणजे ऐकीव माहिती. केसमुत्त निगमातील कालामांना भगवंतांनी जो उपदेश केला त्याचा आशय आपण सर्व जाणतो. केवळ ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून वा सांगणारा मोठा आहे म्हणून काही स्वीकारू नये. स्वतः पारखून घ्यावे. प्रवेशाच्या शक्यतेबाबतही हाच मार्ग आहे. प्रस्तुत लेखात भारतीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयआयटी, हे उदाहरण घेऊन ही पारख कशी करावी याचा आम्ही क्रमाने विचार करीत आहोत.

१. टक्केवारी, परसेंटाइल आणि रँक

पहिला गोंधळ शब्दांचाच आहे. जेईई मेन या परीक्षेचा निकाल परसेंटाइलमध्ये येतो. परसेंटाइल म्हणजे टक्के गुण नव्हेत. परीक्षेस बसलेल्या शंभरांपैकी किती जण आपल्या बरोबरीने वा आपल्या मागे आहेत, हे तो आकडा सांगतो. २०२४ साली दोन्ही सत्रे मिळून सुमारे १४ लाख १५ हजार विद्यार्थी या परीक्षेस बसले. ज्याला ९९ परसेंटाइल मिळाले त्याच्या पुढे सुमारे एक टक्का, म्हणजे १४ हजारांच्या आसपास विद्यार्थी होते. शंभरातून आपले परसेंटाइल वजा करावे, त्याला परीक्षार्थींच्या संख्येने गुणावे व शंभराने भागावे. म्हणजे रँकचा ढोबळ अंदाज हाती येतो. हे गणित दहावी उत्तीर्ण पालकही करू शकतो.

जेईई मेनमधून सुमारे अडीच लाख विद्यार्थ्यांना पुढील परीक्षेस, म्हणजे जेईई ॲडव्हान्स्डला, बसण्याची पात्रता मिळते. त्यांत अनुसूचित जातींचा वाटा १५ टक्के, म्हणजे ३७,५०० इतका असतो. २०२४ साली या पात्रतेची रेषा सर्वसाधारण यादीसाठी सुमारे ९३.२३ परसेंटाइल आणि अनुसूचित जातींसाठी सुमारे ६०.०९ परसेंटाइल होती. ‘साठ टक्क्यांवर आयआयटी मिळते’ अशी जी कुजबुज ऐकू येते, ती या आकड्याच्या अज्ञानातून निघालेली आहे. ही रेषा केवळ दुसऱ्या परीक्षेच्या दालनात बसण्याची परवानगी होय. प्रवेशाचा निर्णय त्या दुसऱ्या परीक्षेतील रँकवर होतो.

त्या परीक्षेतही उत्तीर्ण होणे आणि जागा मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०२४ साली १,८०,२०० विद्यार्थ्यांनी ॲडव्हान्स्डचे दोन्ही पेपर दिले. ४८,२४८ जण रँक-यादीत आले. तेवीस आयआयटींतील एकूण जागा होत्या १७,७४०. याचा अर्थ रँक मिळालेल्या दर पाचांपैकी दोघांनाही जागा मिळाली नाही. ‘पास झाला’ या वार्तेने पेढे वाटणाऱ्या घराला ही वजाबाकी आधीच सांगितली पाहिजे.

२. गुण नव्हे, रँक पाहावी

‘गेल्या वर्षी इतक्या गुणांवर लागला होता, यंदा आमच्या मुलाला त्याहून अधिक आहेत’, हा तर्क वरवर योग्य वाटतो. परंतु तो टिकत नाही. ३६० गुणांच्या ॲडव्हान्स्ड परीक्षेत सर्वसाधारण रँक-यादीत येण्यासाठी २०२२ साली ५५ गुण पुरले, २०२३ साली ८६ लागले आणि २०२४ साली १०९ लागले. तीन वर्षांत ही रेषा जवळजवळ दुप्पट झाली. विद्यार्थी एकाएकी दुप्पट हुशार झाले असे कोणी म्हणणार नाही. प्रश्नपत्रिकेचे काठिण्य दरवर्षी बदलते, हे त्याचे प्रमुख कारण. रँक मात्र इतकी दोलायमान नसते. जागांची संख्या मोठ्या प्रमाणात बदलली नाही, तर अमुक शाखेची शेवटची जागा साधारण कोणत्या रँकपर्यंत जाते यात वर्षागणिक मर्यादित फरक पडतो. म्हणून मागील वर्षांशी तुलना करावयाची ती रँकची करावी.

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. विद्यार्थ्याच्या निकालपत्रावर दोन रँक असू शकतात. एक सर्वांच्या सामाईक यादीतील आणि दुसरी प्रवर्गातील. अनुसूचित जातींच्या जागांची जी अंतिम रँक प्रसिद्ध होते ती प्रवर्गातील यादीची असते. सामाईक यादीतील रँक घेऊन प्रवर्गाच्या रकान्याशी ताडून पाहिली, तर चांगला विद्यार्थीही निराश होतो. आमच्या पाहण्यात ही चूक वारंवार येते, आणि तिच्यामुळे मुले चांगल्या संस्थांची नावे पसंतीक्रमात लिहीतच नाहीत.

याच्याशीच निगडित एक गैरसमज तत्त्वाचा आहे. खुल्या जागा म्हणजे ‘त्यांच्या’ जागा आणि राखीव जागा म्हणजे ‘आपल्या’ जागा, अशी विभागणी आपल्यापैकी अनेकांनीही मनात स्वीकारली आहे. नियम तसे म्हणत नाही. खुली जागा सर्वांसाठी आहे. जागावाटपात अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचा विचार प्रत्येक पसंतीसाठी प्रथम सामाईक रँकनुसार खुल्या जागेवर होतो. तेथे क्रमांक लागला नाही तरच प्रवर्गाच्या जागेवर होतो. त्यामुळे ज्याची सामाईक रँक पुरेशी आहे तो खुल्या जागेवर जातो आणि प्रवर्गाची एक जागा त्याच्या मागच्या भावंडासाठी मोकळी राहते. मुलाच्या शक्यतेचा अंदाज घेताना दोन्ही रकाने पाहिले पाहिजेत, ते याकरिता.

मुलींच्या बाबतीत तिसरा रकानाही पाहावा लागतो. आयआयटींतील मुलींचे प्रमाण वाढावे म्हणून २०१८ पासून त्यांच्यासाठी अतिरिक्त जागा निर्माण करण्यात आल्या आणि २०२० पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत नेण्याचे धोरण ठरले. या जागांची अंतिम रँक स्वतंत्रपणे प्रसिद्ध होते. आपल्या लेकींच्या पालकांनी हा रकाना न पाहताच ‘मुलीला जवळचे महाविद्यालय पुरे’ असा निर्णय करू नये.

३. तीन वर्षांचा ताळा

आयआयटी, एनआयटी आदी संस्थांचे एकत्रित जागावाटप २०१५ पासून ‘जोसा’ या संयुक्त यंत्रणेमार्फत होते. प्रत्येक फेरीनंतर संस्था, शाखा व प्रवर्गनिहाय पहिली आणि अंतिम रँक ती प्रसिद्ध करते. ही माहिती विनामूल्य आहे. हजारो रुपये घेऊन ‘प्रवेश-मार्गदर्शन’ करणाऱ्यांच्या हाती याहून वेगळे काही साधन असते असे आम्हास आढळले नाही.

तिचा उपयोग असा करावा. इच्छित शाखेच्या शेवटच्या फेरीतील अंतिम रँक मागील तीन वर्षांसाठी कागदावर मांडावी. समजा, एका शाखेसाठी अनुसूचित जातींची अंतिम रँक तीन वर्षांत १९८०, २१०० आणि २३५० अशी होती. हे आकडे केवळ समजण्यापुरते कल्पिले आहेत. आता ज्या विद्यार्थ्याची प्रवर्ग-रँक १९०० आहे, त्याला तीनही वर्षी ती जागा मिळाली असती. त्याची शक्यता बळकट समजावी. ज्याची २२०० आहे, त्याला एका वर्षी मिळाली असती व दोन वर्षी हुकली असती. त्याची शक्यता अनिश्चित होय. ज्याची २६०० आहे, त्याला एकाही वर्षी मिळाली नसती. त्याची शक्यता क्षीण, परंतु शून्य नव्हे, कारण जागा वाढतात आणि विद्यार्थ्यांचा कलही बदलतो. बळकट, अनिश्चित आणि क्षीण असे तीनच वर्ग पुरेसे आहेत. ‘तुमच्या मुलाची शक्यता ७३ टक्के आहे’ असे दशांशासह सांगणाऱ्यापासून सावध राहावे. इतकी अचूकता या माहितीत नाही.

एनआयटीसाठी यात एक भर घालावी लागते. तेथील निम्म्या जागा त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात आणि राज्य ठरते ते बारावी कोठून उत्तीर्ण केली यावरून. आपल्या राज्यात नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था ही एनआयटी आहे. शिकवणीसाठी मुलाला राजस्थानात कोटा येथे पाठवून बारावीही तेथूनच करविणाऱ्या पालकांनी हे आधीच जाणून घ्यावे की, नागपूरच्या गृहराज्य जागांवरील त्याचा हक्क त्यामुळे जातो. तसेच जेईईच्या रँकबरोबर बारावीचीही अट आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यास बारावीत ६५ टक्के, अथवा आपल्या मंडळातील प्रवर्गाच्या पहिल्या २० परसेंटाइलमध्ये स्थान, यांपैकी एक आवश्यक असते. सगळे लक्ष जेईईवर देऊन बारावी वाऱ्यावर सोडणे धोक्याचे आहे.

४. पसंतीक्रम : अंदाज कोठे वापरावा व कोठे वापरू नये

इतका ताळा मांडल्यावर विद्यार्थी बहुधा एक अपाय करून घेतो. शक्यता बळकट असलेली शाखा तो पसंतीक्रमात प्रथम लिहितो आणि मनापासून हवी असलेली, परंतु अनिश्चित असलेली शाखा खाली लिहितो वा गाळतो. ‘वरची मागितली तर खालचीही जाईल’ ही भीती त्यामागे असते. या पद्धतीत ती भीती निराधार आहे. यंत्रणा यादी वरून खाली वाचते व रँकनुसार मिळू शकणारी सर्वांत वरची पसंती देते. वरची न मिळाल्याने खालच्या पसंतीवरील हक्क तसूभरही कमी होत नाही. पसंतींच्या संख्येला मर्यादाही नाही.

म्हणून पसंतीचा क्रम इच्छेने लावावा, शक्यतेने नव्हे. शक्यतेचा उपयोग एकाच ठिकाणी आहे. यादीच्या तळाशी बळकट शक्यतेच्या पुरेशा जागा आहेत ना, हे पाहण्यासाठी. वरच्या टोकाला आकांक्षा आणि खालच्या टोकाला विवेक असावा. शतकानुशतके ज्यांना दार दिसताच मागे फिरण्याची सवय लावली गेली, त्यांच्या मुलांना हा नियम विशेष आग्रहाने सांगावा लागतो. यादी पक्की करण्यापूर्वी ‘जोसा’ सराव-वाटप प्रसिद्ध करते; ते पाहून चुका सुधारता येतात. पहिल्या फेरीत मिळालेली जागा स्वीकारूनही वरच्या पसंतीसाठी पुढील फेरीत राहता येते, हेही ध्यानी असावे.

५. जातीचा दाखला : बौद्धांसाठी विशेष

रँक उत्तम, पसंतीक्रम योग्य, आणि तरीही प्रवेश हुकला असे होते ते कागदपत्रांमुळे. आपल्या समाजासाठी या विषयाला इतिहास आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा दिली. त्यापूर्वीच्या, १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात मुख्यतः हिंदू धर्मीयांचाच समावेश होता. १९५६ साली शिखांची भर पडली. बौद्धांचा समावेश व्हावयास १९९० साल उजाडले. आयआयटींत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा १९७३ पासून आहेत. म्हणजे कायद्याच्या अक्षरानुसार पाहता सतरा वर्षे अशी गेली की, स्वतःस बौद्ध म्हणवणाऱ्या विद्यार्थ्याला केंद्राच्या या जागांवर हक्क सांगता येत नव्हता. धम्माशी प्रामाणिक राहावे की मुलाचे भवितव्य पाहावे, हा पेच त्या पिढीतील घरांपुढे उभा होता. महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती बौद्धांना आधीच दिल्या होत्या. परंतु केंद्रीय संस्थांचे दार १९९० च्या दुरुस्तीनेच खुले झाले.

हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन व्यावहारिकही आहे. केंद्रीय प्रवेशासाठी दाखला केंद्राच्या विहित नमुन्यात लागतो. अनुसूचित जातींच्या यादीत ‘बौद्ध’ वा ‘नवबौद्ध’ ही जात नाही; बौद्ध हा धर्म आहे. म्हणून दाखल्यात यादीतील मूळ जातीचा आणि बौद्ध धर्माचा असे दोन्ही उल्लेख योग्य स्थानी आहेत किंवा कसे, हे नीट पाहावे. राज्यासाठी काढलेला जुना दाखला चालेल असे गृहीत धरू नये. दाखला उपविभागीय अधिकारी कार्यालयातून मिळतो आणि त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा मागितला जातो. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा वा गावचा जुना महसुली कागद शोधण्यास महिने लागतात. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेतून पुणे वा मुंबईच्या नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालयांत जावयाचे असेल तर जात वैधता प्रमाणपत्रही लागते, आणि ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून येते. ही सर्व कामे अकरावीतच सुरू करावीत. प्रवेशाची शक्यता मोजताना हा कागद हाती आहे काय, हा प्रश्न रँकच्याही आधी विचारला पाहिजे.

६. मुदत आणि शुल्क

२०२१ साली अनुसूचित जातीच्या एका विद्यार्थ्यास मुंबई आयआयटीत स्थापत्य अभियांत्रिकीची जागा मिळाली. परंतु तांत्रिक अडचणीमुळे मुदतीत शुल्क भरले गेले नाही आणि जागा गेली. त्याला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. २२ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून त्यास जागा देण्याचा आदेश दिला. २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या मुलाला धनबाद आयआयटीत विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळाली आणि १७,५०० रुपये वेळेत भरता न आल्याने ती हुकली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यालाही प्रवेश देण्याचा आदेश दिला. दोघांनाही न्याय मिळाला, याचा आनंद आहे. परंतु ज्यांना दिल्लीपर्यंत जाता आले नाही अशांची गणना कोण करणार?

म्हणून शुल्काची रक्कम निकालापूर्वीच विद्यार्थ्याच्या खात्यात असावी आणि ती अखेरच्या दिवसापूर्वी भरली जावी. ही सोय झाली की पुढील वाट तितकी बिकट नाही. २०१६ साली आयआयटींचे वार्षिक शिकवणी शुल्क ९० हजारांवरून दोन लाख रुपये झाले, तेव्हाच अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांस ते पूर्ण माफ करण्यात आले. वसतिगृह, भोजन आदी खर्च उरतो. त्यासाठी शिष्यवृत्त्यांची चौकशी वेळीच करावी. ‘आयआयटी आपल्याला परवडणार नाही’ म्हणून पसंतीक्रमच न भरणे हे अज्ञानाचे मोल होय.

७. जागा न मिळाल्यास

एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी काय, हा प्रश्न अनेक घरांत येतो. ॲडव्हान्स्ड परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते आणि आयआयटीत एकदा प्रवेश घेतल्यावर ती पुन्हा देता येत नाही. रँक इच्छित जागेच्या सीमेजवळ असेल, कोणत्या विषयात कमी पडलो हे विद्यार्थ्यास स्पष्टपणे सांगता येत असेल आणि घरावर कर्ज चढणार नसेल, तरच आम्ही थांबण्याचा सल्ला देऊ. केवळ नावासाठी जमीन गहाण टाकून वर्ष घालविणे योग्य नव्हे. शिवाय अनुसूचित जाती-जमातींच्या रिक्त जागा अन्य प्रवर्गांस न देता त्यांवर एक वर्षाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमाद्वारे प्रवेश देण्याची तरतूद आयआयटींत आहे. त्याची रँक-यादी वेगळी असते. हा मार्ग कमीपणाचा मानू नये. तो नियमाने दिलेला मार्ग आहे.

आणि आयआयटी न मिळाली म्हणून विद्या संपत नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना बाबासाहेबांनी १९४५ साली केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ज्या महाविद्यालयाचा आरंभ केला ते पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेले. स्वतः कोलंबिया विद्यापीठात व लंडनमध्ये उच्च विद्या संपादन केलेल्या या पुरुषाने येथे मात्र ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते त्यांच्यासाठी दारे उघडली. निवडक संस्थेत आपली मुले गेलीच पाहिजेत. परंतु जे गेले नाहीत ते अपात्र ठरले असे मानणे ही बाबासाहेबांच्या शिक्षणविचाराशी प्रतारणा होईल.

८. विहारांचे कर्तव्य

वर सांगितलेल्या गोष्टींपैकी एकही अशी नाही की जी विहाराच्या सभागृहात एका रविवारी समजावून सांगता येणार नाही. प्रत्येक विहाराने अकरावीच्या विद्यार्थ्यांची नोंद ठेवावी, दाखल्यांची तपासणी वर्षारंभी करावी, जून महिन्यात पसंतीक्रम भरताना जाणत्या माजी विद्यार्थ्यांस बसवावे आणि शुल्कासाठी एक छोटासा परतफेडीचा निधी राखावा. १७,५०० रुपये ही रक्कम एका कुटुंबाला जड आहे. पन्नास घरांना ती प्रत्येकी ३५० रुपयांची आहे.

अंदाज हा निवाडा नव्हे. वस्तुस्थिती जशी आहे तशी पाहणे, तिच्यातील बदलता येण्याजोगा भाग ओळखणे आणि तेथे वेळीच श्रम करणे, एवढाच त्याचा उपयोग. रँक एकदा लागली की बदलत नाही. दाखला, मुदत, शुल्क आणि पसंतीक्रम मात्र अखेरपर्यंत आपल्या हातात असतात. निदान या चार कारणांनी आपल्या कोणत्याही मुलामुलीची जागा जाऊ नये, एवढा संकल्प समाजाने येत्या वर्षी करावा, अशी आमची विनंती आहे.